डॉ. झाकीर हुसेन : वसतिगृहात घडलेले एक जीवन



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत, मग ते घर दिग्रसचे असो, पुसद-उमरखेडचे असो की आर्णी-दारव्ह्याचे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. पोराला बाहेरगावी बोर्डिंगात ठेवायचे की नाही? मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न तोंडातून बाहेरही पडत नाही, तो मनातच विरून जातो. मूल नजरेआड गेले म्हणजे सोबत कशी मिळेल, नमाज-रोजा सुटेल का, सभा-संमेलने, नाटके आणि निवडणुका यांच्या नादात वर्ष वाया जाईल का, अशी धास्ती आई-बापांना वाटते. ती वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एका अशा थोर पुरुषाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवीत आहोत, ज्यांचे बालपण, तारुण्य आणि अर्धे आयुष्य वसतिगृहातच गेले. भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन तुम्हांस ठाऊक आहेत. पण राष्ट्रपतिपद ही त्यांच्या आयुष्यातील शेवटची दोन वर्षे होत. त्याआधीची पन्नास वर्षे विद्यार्थ्यांच्या सहवासात कशी गेली, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान यांनी निजामाच्या राज्यात वकिलीत चांगला जम बसविला होता. सात भावांत झाकीर तिसरे. १९०७ साली वडील गेले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन कायमगंजला परत आली आणि तिने मुलांना इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या बोर्डिंगात घातले. वाचकहो, या विधवा मातेच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. पदरी मुले, डोक्यावर धन्याची सावली नाही, आणि तरीही मुलांना जवळ न ठेवता दूरच्या शाळेत पाठविण्याचा धीर तिने केला. पुढे १९११ साली प्लेगच्या साथीत तीही अल्लाला प्यारी झाली. झाकीर तेव्हा चौदा वर्षांचे होते. घर म्हणून जे काही उरले ते आता बोर्डिंगच होते.

इटाव्याच्या या शाळेची शिस्त कडक होती. साधे कपडे, साधे जेवण, पाच वेळची नमाज, आणि मोठ्या मुलांनी लहानांकडे लक्ष देण्याची पद्धत. मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा या मुलावर फार जीव होता. मुलगा वक्तृत्वात पुढे होता. १९११ मध्ये इटलीने त्रिपोलीवर हल्ला केला तेव्हा तुर्कांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करण्यात हा शाळकरी मुलगा पुढे होता. मशिदीत उभे राहून बोलायचे आणि आपलीच टोपी लोकांपुढे फिरवायची. परक्या माणसापुढे हात पसरताना स्वतःसाठी काही मागायचे नसते, हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे आयुष्यभर तो त्यांच्या उपयोगी पडणार होता.

१९१३ साली ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. येथे थोडे थांबून या कॉलेजची घडण समजून घेतली पाहिजे, कारण झाकीर हुसेन यांना समजून घेण्याचा रस्ता तिथूनच जातो.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा काढली आणि १८७७ साली कॉलेजची पायाभरणी झाली. त्याआधी सर सय्यद विलायतेत जाऊन केंब्रिजची व्यवस्था डोळ्यांनी पाहून आले होते. तेथे त्यांच्या ध्यानात आले की प्राध्यापकाच्या व्याख्यानाने मुलाच्या डोक्यात विद्या जाते, पण माणूस तयार होतो तो एकत्र राहण्याने. म्हणून अलीगढला वर्गाच्या खोल्यांच्या बरोबरीने वसतिगृहाच्या खोल्या उठल्या. पंजाबचा मुलगा, बंगालचा मुलगा, दख्खनचा मुलगा एका खोलीत राहू लागला. शिया आणि सुन्नी एकाच छपराखाली झोपू लागले. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. हिंदू विद्यार्थीही तेथे शिकत. या कॉलेजातून सर्वांत आधी पदवीधर झालेला विद्यार्थी ईश्वरी प्रसाद हा होता, हे आपल्यातील कित्येकांना माहीत नसते.

मुलांचे व्यवहार मुलांनीच चालवावे असे तिथे धोरण होते. १८८४ साली युनियन निघाली. तिला पहिले प्राचार्य सिडन्स यांचे नाव दिले होते. तिथे आठवड्याच्या सभेत ठराव मांडायचा, त्यावर दोन बाजूंनी बोलायचे आणि मग मते घ्यायची अशी पद्धत. थिओडर बेक नावाचे तरुण इंग्रज प्राचार्य आले, ते स्वतः केंब्रिजच्या युनियनचे अध्यक्ष राहिलेले होते. क्रिकेटचा संघ होता, घोडेस्वारीचा क्लब होता. आणि १८९० साली निघालेली ड्यूटी सोसायटी होती, अंजुमन-उल-फर्ज. वाचकहो, या संस्थेविषयी आम्हाला विशेष आपुलकी वाटते. सुट्टीत घरी जाणारे विद्यार्थी गावोगाव फिरून कॉलेजसाठी पैसा गोळा करीत आणि त्यातून गरीब विद्यार्थ्यांना मदत मिळे. ज्याला काल मदत झाली तो उद्या नोकरीला लागल्यावर दुसऱ्यासाठी देई. कौमच्या शिक्षणासाठी विद्यार्थ्यांनीच झोळी घ्यायची ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे.

या सगळ्यावर एक अलिखित कायदा चाले. नव्याने जुन्याला आधी सलाम करायचा. जुन्याने नव्याच्या अडीअडचणीत उभे राहायचे, आणि दोघे मिळून चहाला गेले तर पैसे मोठ्याने द्यायचे. काळा कोट, तुर्की टोपी, एकत्र भोजनगृह. मराठीत भाऊबंदकी म्हटले की आपल्याला कोर्टकचेरीच आठवते, पण अलीगढच्या मुलांनी रक्ताचे नाते नसलेली भाऊबंदकी करून दाखविली. अलीगढचा मनुष्य लाहोरला, रंगूनला वा हैदराबादला गेला तरी त्याला उतरायला घर मिळे.

आता आपल्या वऱ्हाडाचे पाहा. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती, आणि अलीगढचे कॉलेजही त्याच विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे १९१८ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील एखादा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी. ए. झाला असेल, तर त्याच्या आणि झाकीर हुसेन यांच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचे नाव होते. महाराष्ट्रातही वसतिगृहाचे महत्त्व ओळखणारे द्रष्टे होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी एकेका जातीजमातीसाठी वसतिगृहे काढविली आणि १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटीच्या रूपाने मुसलमान मुलांचीही सोय केली.

अलीगढमध्ये झाकीर हुसेन यांचा पिंड कसा होता? खरे सांगायचे तर ते वर्गात नियमाने बसणारे विद्यार्थी नव्हते. तासाला दांडी मारणे, खोलीत मित्रांची बैठक जमविणे, रात्र-रात्र गप्पा मारणे यांत त्यांना अधिक गोडी. पण वाचन अफाट आणि स्मरणशक्ती दांडगी, त्यामुळे परीक्षेत मागे पडत नसत. प्रथम डॉक्टर होण्याचा विचार होता. त्यासाठी इंटरनंतर ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात गेलेही, पण आजारपणात वर्ष गेले आणि ते पुन्हा अलीगढला परतले. तत्त्वज्ञान, इंग्रजी आणि अर्थशास्त्र घेऊन १९१८ साली बी. ए. झाले आणि पुढे एम. ए. व कायद्याचा अभ्यास सुरू केला. मित्रमंडळी त्यांना मुर्शिद म्हणत. मुर्शिद म्हणजे पीर, मार्गदर्शक. चेष्टेत ठेवलेले हे नाव पुढे आदराने घेतले जाऊ लागले.

युनियनमध्ये त्यांच्या भाषणाला गर्दी होई. ते युनियनचे उपाध्यक्ष झाले. अध्यक्षपद प्राचार्यांकडे असल्यामुळे विद्यार्थ्याला मिळू शकणारा हाच सर्वांत मोठा मान होता. येथे विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. वादसभेत जो बोलतो त्याला समोरच्याचे ऐकावेही लागते. ज्याच्या विरुद्ध संध्याकाळी बोललो त्याच्याच ताटात रात्री जेवायचे आहे, हे ठाऊक असल्यावर शब्द जपून निघतात. झाकीर हुसेन यांच्या वाणीत पुढे जो मऊपणा आणि नेमकेपणा सर्वांना जाणवला त्याची तालीम येथे झाली, असे आमचे मत आहे.

परंतु अलीगढच्या या बंधुभावाला एक उणेही होते आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मुले बहुतेक खात्यापित्या घरांतली. इंग्रजी पोशाख, चांगली बोलचाल, ओळखीपाळखी आणि शेवटी सरकारी नोकरी असा ठरलेला मार्ग. एकमेकांसाठी जीव देणारी ही मुले कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या विणकराला, शेतमजुराला फारशी ओळखत नव्हती.

१९२० साली ही भिंत हादरली. खिलाफत आणि असहकार यांचे दिवस होते. १२ ऑक्टोबर १९२० रोजी महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असे त्यांचे आवाहन होते. त्या दिवशी झाकीर हुसेन तब्येत दाखविण्यासाठी दिल्लीला गेले होते. परत आले तो मित्र पाहुण्यांची टिंगल करीत होते. हे ऐकून त्यांना आनंद होण्याऐवजी लाज वाटली. तेवीस वर्षांचे वय. लग्न झालेले. कॉलेजात अध्यापनाचे काम नुकतेच मिळाले होते. पुढचा रस्ता साफ दिसत होता. तो रस्ता त्यांनी सोडला.

पण नुसते सोडून ते घरी बसले नाहीत, ही त्यांची विशेषता. ते थेट दिल्लीला हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मौलाना मोहम्मद अली यांच्याकडे गेले आणि विचारले की मुलांनी कॉलेज सोडले तर त्यांनी शिकायचे कुठे? राष्ट्रीय शिक्षणाची संस्था काढणार असाल तर मुले येतील. त्यातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ कॉलेजच्याच मशिदीत शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. मौलाना इतके आजारी होते की त्यांचे भाषण त्यांच्या शिष्याने वाचून दाखविले. महिनाभरात ते इहलोक सोडून गेले.

पालकांनो, त्या ऑक्टोबरात तुमच्यासारख्या शेकडो आई-बापांच्या घरी काय झाले असेल त्याची कल्पना करा. कॉलेजच्या विश्वस्तांनी मुलांना घरी घेऊन जाण्याविषयी पालकांना कळविले होते. पुष्कळ पालक आले आणि मुलांना घेऊन गेले. जी मुले राहिली त्यांना वसतिगृह सोडावे लागले. कालपर्यंत पक्क्या इमारतीत राहणारी मुले तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत राहू लागली. मुलांना नेणारे बाप चुकले असे आम्ही म्हणणार नाही. नोकरी आणि पदवी यांची किंमत त्यांना ठाऊक होती. पण जे राहिले त्यांचा एकमेकांवरचा विश्वास ही त्या वेळी त्यांची एकुलती एक मालमत्ता होती, आणि तो विश्वास अलीगढच्याच बैठकांत आणि भोजनगृहात कमावलेला होता, हेही विसरता येत नाही.

१९२२ साली झाकीर हुसेन उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये त्यांनी भारतातील शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. याच काळात त्यांनी बर्लिनच्या एका छापखान्यात गालिबच्या दीवानाची सुबक छोटी आवृत्ती छापून घेतली आणि तिचे खिळे काही अंशी स्वतःच्या हाताने जुळविले. डॉक्टर होऊ घातलेला माणूस छापखान्यात उभा राहून खिळे जुळवतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

इकडे जामियाची अवस्था बिकट झाली होती. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि खिलाफत समितीकडून येणारा पैसा थांबला. संस्था बंद करावी असे बोलले जाऊ लागले. ही बातमी बर्लिनला पोहोचली तेव्हा झाकीर हुसेन आणि त्यांचे दोन मित्र, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब, या तिघांनी कळविले की आम्ही येऊन जामियाची सेवा करतो, संस्था बंद करू नका. १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत गेली होती. १९२६ च्या आरंभी हे तिघे येऊन दाखल झाले आणि एकोणतीस वर्षांचे झाकीर हुसेन जामियाचे प्रमुख, म्हणजे शेखुल जामिया, झाले.

तेव्हा संस्था म्हणजे काही भाड्याची घरे, थोडे विद्यार्थी आणि बरेच कर्ज. हकीम अजमल खान स्वतःच्या खिशातून खर्च भागवीत. १९२७ च्या डिसेंबरात तेही गेले. त्यानंतर शिक्षकांच्या एका लहान गटाने प्रतिज्ञा घेतली की वीस वर्षे संस्था सोडणार नाही आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हाती पडे ते याहून पुष्कळ कमी, आणि तेही वेळेवर नाही. झाकीर हुसेन यांनी स्वतः बावीस वर्षे, १९४८ पर्यंत, संस्था सांभाळली. वर्गणीसाठी हमदर्दान-ए-जामिया नावाची योजना निघाली. एका धनिकाच्या मोठ्या देणगीपेक्षा हजार सामान्य माणसांचे थोडे-थोडे पैसे दर महिन्याला यावेत, असा तिचा हेतू. आपल्या शिक्षणसंस्थांना देणगीसाठी दारोदार फिरावे लागते तेव्हा ही आठवण उपयोगी पडावी.

आता पाहा, अलीगढचा बंधुभाव त्यांनी जामियात कसा आणला आणि त्यात काय बदलले. अलीगढला मुलांचे कार्यक्रम म्हणजे मुख्यतः भाषण, खेळ आणि शिष्टाचार. जामियात त्यांनी त्याला हातांच्या कामाची जोड दिली. प्राथमिक शाळेतील मुलांची स्वतःची बँक होती. मुले तिच्यात पैसे ठेवीत, काढीत आणि हिशेबही स्वतःच लिहीत. मुलांचे दुकान होते. मुलांचे निवडून दिलेले सरकार होते, ज्याच्या मंत्र्यांना सफाईचा आणि जेवणाचा जाब विचारला जाई. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी हे सगळे मोठ्या कष्टाने उभे केले. मुजीब साहेब नाटके लिहीत आणि मुले ती करीत. दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या स्थापना दिनाला मुलांच्या कामाचे प्रदर्शन भरे. नाटकात काम केले म्हणून मुलगा बिघडतो असे मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे की ही नाटके नमाज चुकवून होत नसत.

गर्डा फिलिप्सबॉर्न नावाची एक जर्मन यहुदी महिला, बर्लिनची ओळख, सर्व काही मागे ठेवून १९३० नंतरच्या वर्षांत जामियात आली. लहान मुलांच्या वसतिगृहात ती त्यांची आपाजान झाली. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, केस विंचरणे, वाढदिवस लक्षात ठेवणे, ही कामे तिने केली. १९४३ मध्ये ती वारली आणि जामियाच्याच कब्रस्तानात तिला मूठमाती मिळाली. वसतिगृहात बायकांच्या मायेचा हात असावा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे आजही पुरेशी कोणी मनावर घेत नाही.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. एवढ्या मोठ्या दिल्लीत पुढारी, नवाब, हाकीम यांना तोटा नव्हता. पण कोनशिला बसविण्याचा मान दिला गेला तो शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला.

झाकीर साहेबांच्या स्वभावाच्या गोष्टी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या आहेत. मुले बूट घाणेरडे ठेवून येत. एकदोनदा सांगून पाहिले, उपयोग झाला नाही. मग एके दिवशी शेखुल जामिया स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकाशी बसले. जो मुलगा मळके बूट घालून आला त्याचे बूट ते पुसू लागले. दुसऱ्या दिवसापासून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट मन हलवणारी आहे. प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा समारंभ होता आणि झाकीर साहेब आपल्या हाताने वाटत होते. घरी त्यांची लहानगी मुलगी रेहाना आजारी होती. मध्येच शिपायाने येऊन कानात तिची तब्येत फार बिघडल्याचे सांगितले. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने तो पुन्हा आला आणि मुलगी गेल्याचे सांगितले. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. रांगेतील मुले आनंदात होती, त्यांचा आनंद मोडू नये एवढेच त्यांच्या मनात होते. मृत्यूची घंटा वाजली तेव्हा लोकांना कळले. हे वाचून कोणी म्हणेल की एवढी कठोरता बापाला शोभते का? आम्हालाही तो प्रश्न पडतो. पण पुढे त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, ज्यांत अब्बू खान की बकरी ही कथा सर्वांत प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या नावाने न छापता रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. बाप किती कठोर होता हे ज्याचे त्याने ठरवावे.

यवतमाळहून कळंबमार्गे निघाले आणि वर्धा नदी ओलांडून देवळीच्या पुढे गेले की वर्धा येते. या आपल्या शेजारच्या गावी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची मंत्रिमंडळे असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. मुलांना एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे, मातृभाषेतून, सात वर्षे शिक्षण द्यावे आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा असा गांधीजींचा विचार होता. झाकीर हुसेन उभे राहिले आणि त्यांनी अदबीने पण स्पष्टपणे शंका मांडल्या. कामातून शिक्षण देणे ही गोष्ट जगाला अगदीच नवी नाही, आणि शाळेने स्वतःचा खर्च काढलाच पाहिजे असा आग्रह धरला तर मास्तर मुलांना राबवून घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींसमोर इतके उघड बोलणारे थोडे. आणि गांधीजींचे मोठेपण असे की अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराला दिले. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा अशी माणसे त्या समितीत होती. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयार झाला. पुढे हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्ष म्हणून दहा वर्षे झाकीर साहेबांचा सेवाग्रामशी संबंध राहिला.

या कामापायी त्यांना आपल्याच लोकांची नाराजी सोसावी लागली. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर कडक टीका केली. त्यातच आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकारने काढलेल्या शाळांच्या योजनेला विद्यामंदिर असे नाव दिल्याने मुसलमानांत असंतोष पसरला, आणि दोन्ही योजना लोकांच्या मनात एक होऊन गेल्या. ज्याने मुलांच्या शिक्षणासाठी हयात वेचली त्याच्याकडे धर्म बुडविणारा म्हणून पाहिले जावे, हा त्या काळाचा दैवदुर्विलास होय.

१९४६ च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशभर दंगली पेटलेल्या होत्या. त्या दिवसांत एकमेकांचे तोंड न पाहणारे पुढारी, एकीकडे पंडित नेहरू, मौलाना आझाद, राजाजी आणि दुसरीकडे जिना व लियाकत अली, या सर्वांना झाकीर हुसेन यांनी एका व्यासपीठावर बसविले. त्यांच्यापुढे त्यांनी कळकळीची विनंती केली की ही द्वेषाची आग कोणी लावली हे ठरविण्याची वेळ ही नव्हे, आधी ती विझवा, कारण घर जळत असताना मुले वाढवता येत नाहीत. अलीगढच्या युनियनमध्ये विरुद्ध बाजूचे ऐकून घेण्याची जी सवय लागली होती तिची ही सर्वांत कठीण परीक्षा. आग विझली नाही, हे आपण जाणतोच. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९४७ मध्ये, काश्मीरला जात असताना जालंधर स्टेशनवर ते स्वतः जमावाच्या तावडीत सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांना ओळखून वाचविले, म्हणून ते परत आले.

१९४८ साली त्यांना अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू करण्यात आले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या वसतिगृहातून ते बाहेर पडले होते, तेथेच ते परत गेले. दृश्य उदास होते. कितीतरी प्राध्यापक आणि विद्यार्थी पाकिस्तानात गेले होते. त्यांच्या सख्ख्या भावांपैकी महमूद हुसेन हेही तिकडे गेले आणि तिथे मंत्री झाले. राहिलेल्या मुलांच्या मनात भीती होती, बाहेरच्यांच्या मनात संशय. अशा वेळी झाकीर साहेब मुलांमध्ये मिसळले, चांगले अध्यापक शोधून आणले, आणि आवारात झाडे आणि गुलाब लावीत सुटले. गुलाबांचा त्यांना छंदच होता. उजाड जागी बाग करण्यात कोणाला चैन वाटेल, पण भेदरलेल्या मुलांना ही जागा आपली आहे आणि येथेच राहायचे आहे हे सांगण्याचा तो एक मार्ग होता, असे आम्हास वाटते. प्रकृती साथ देत नसताना १९५६ पर्यंत त्यांनी ते काम केले.

यानंतरचे मानसन्मान तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेच आहेत. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुसलमान. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

त्यांना जामियाच्या आवारात, मशिदीजवळ दफन करण्यात आले. काही वर्षांनी पत्नी शाहजहान बेगम यांनाही त्यांच्या शेजारी जागा मिळाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, आणि पुस्तके काखेत मारून वसतिगृहाकडे परतणारी मुले-मुली रोज त्या बाजूने ये-जा करीत असतात.